मूळचे कुठले?

माणसाशी ओळख झाली की काही जण नोकरी विचारतात. काहींना खरं तर पगार विचारायचा असतो, पण तो विचारता येत नाही, म्हणून ते घर किती बेडरूमचं आहे ते विचारतात. तिसरा वर्ग 'मूळचे कुठले?' असं विचारणाऱ्यांचा. या मंडळींना तुमच्या चालू पत्त्यात काडीचा रस नसतो. तुम्ही पुणे म्हणालात की ते क्षमा केल्यासारखं हसतात. "ते आत्ताचं झालं. मूळचे?" तुम्ही सातारा म्हणता. "पण आडनाव साताऱ्याकडचं नाही वाटत." असं करत करत ते तुम्हाला पणजोबांच्याही मागे रेटत नेतात, आणि 'नाही बुवा माहीत' म्हणून तुम्ही हात टेकलेत की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांना माहीत असतं.

फ्रीमॉन्टचे मूळचेकाका या वर्गाच्या अध्यक्षपदी शोभतील. नाव अर्थात पाठीमागचं. समोर सगळे नुसतं 'काका' म्हणतात. फ्रीमॉन्ट म्हणजे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराचा पूर्व काठ. इथल्या दुकानांत गवार आणि अळू मिळतं, आणि गणपती जवळ आले की गराजांतून ताशा ऐकू येतो. काका इथे १९८३ साली आले. उपसागरावरचा आत्ताचा डंबार्टन पूल १९८२चा. "मी आलो तेव्हा पूल अगदी नवा होता," असं ते सांगतात तेव्हा पूल काकांच्या भरवशावरच बांधला गेला असावा असं वाटतं.

निवृत्तीच्या आधीची बरीच वर्षं काकांनी आपल्या घराण्याच्या कुलवृत्तांताला वाहिली होती. शाखा, उपशाखा, दत्तक गेलेले, दत्तक आलेले, परागंदा झालेले, बडोद्याला सरकारी नोकरीत जाऊन तिथलेच झालेले, सगळे त्यांनी पकडून पकडून तक्त्यात बसवले. पहिल्या पानावर वाक्य होतं: 'घराण्याचा मूळपुरुष समुद्रमार्गे गुहागर परिसरात आला, असे परंपरा सांगते.' त्याच्या पुढे चारशे पानं. पुण्यात प्रकाशन झालं, शाल-श्रीफळ झालं, आणि काका एकदम रिकामे झाले. घराण्यात शोधायला कुणी शिल्लक राहिलं नाही.

मग ते शेजारी शोधू लागले. डावीकडच्या पोर्तुगीज आजोबांना त्यांनी पार अझोर्स बेटांपर्यंत नेऊन पोचवलं. समोरच्या अफगाण कुटुंबाला 'काबूल ते आत्ताचं, मूळचे?' असं विचारलं तेव्हा मात्र काकू घाबरल्या. त्यांनी मुलीला फोन केला. मुलगी व्यवहारी. तिने बापाला उपसागराच्या जीवसृष्टीवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत स्वयंसेवक म्हणून नेऊन बसवलं. काम काय, तर चिखल निवडणं.

तळाचा चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात. वर जे राहतं ते आधी फॉर्मॅलिनमध्ये, मग अल्कोहोलमध्ये ठेवतात. त्यात रोझ बेंगॉल नावाचा रंग घालतात. त्याने चिखल काढला तेव्हा जिवंत असलेलं सगळं गुलाबी होतं आणि कचरा कचऱ्याच्याच रंगाचा राहतो. स्वयंसेवकाने चिमट्याने गुलाबी तेवढं उचलायचं. पहिल्याच दिवशी तिथल्या प्रमुख बाईंनी काकांच्या पुढ्यात एक बशी ठेवली आणि म्हणाल्या, यातले काही इथले आहेत आणि काही बाहेरून आलेले.

काकांनी चिमटा खाली ठेवला. "मूळचे कुठले?"

बाई खूश झाल्या. त्यांच्या शास्त्रातला नेमका हाच प्रश्न होता. उभ्या आयुष्यात या प्रश्नावर लोकांनी काकांना टाळलं होतं. इथे त्यांना कॉफी मिळाली.

बशीत होते ॲम्फिपॉड. कोळंबीच्या दूरच्या नात्यातले हे जीव, पण कोळंबीचं वैभव यांच्या वाट्याला आलेलं नाही. बहुतेकांची लांबी मिलिमीटरांतच मोजावी लागते. अंग दोन्ही कुशींनी दाबलेलं, त्यामुळे पाण्याबाहेर काढलं की यांतल्या बऱ्याच जणांना धड उभं राहता येत नाही. आडवे पडून वळवळत राहतात. काही पाय पुढे रोखलेले, काही मागे वळलेले. दहा हजारांहून जास्त जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यात यांच्यातले कितीतरी जण चिखलात नळीसारखी घरं बांधून राहतात, कुजका पाला आणि शेवाळ खातात, आणि मग लहान मासे आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्यांना खातात. माणसाला त्यांचा थेट उपयोग काही नाही. एकदा काकांच्या गराजमध्ये एका मालवणी मित्राने टेबलावरची गुलाबी बशी बघून "वा, जवळा!" म्हटलं आणि कांद्यावर परतणार का अशी आस्थेने चौकशी केली. काकांनी बशी उचलून फडताळात ठेवली आणि कुलूप लावलं. काकूंच्या लोणच्याच्या निम्म्या बरण्या तोवर नमुने भरून त्या फडताळात गेल्या होत्या.

त्या दिवसापासून काकांना उपसागर वेगळा दिसू लागला. आपल्याला तिथे पाणी, पूल आणि पूल ओलांडायला लागलेल्या गाड्यांची रांग दिसते. काकांना जन्माचे दाखले दिसतात. "अरे, १९९८ साली कोहेन आणि कार्ल्टन यांनी मोजदाद छापली. या पाण्यात बाहेरून आलेल्या २३४ जाती! १९६१पासून १९९५पर्यंत सरासरी दर चौदा आठवड्यांना एक नवा पाहुणा." हे सांगताना काकांचा आवाज चढतो. बाहेरून आलेल्यांबद्दल इतक्या पोटतिडकीने बोलणाऱ्या माणसाचा पासपोर्ट कुठल्या सालचा, असा विचार ऐकणाऱ्याच्या मनात येतो. पण काका तुम्हाला पुढच्या वाक्याकडे ओढत नेतात.

पुढचं वाक्य रेल्वेचं असतं. १८६९ साली अमेरिकेचे दोन किनारे रेल्वेने जोडले गेले. उपसागरापर्यंत पोचणारा तिचा शेवटचा टप्पा नाइल्सच्या घळीतून येत होता, आणि नाइल्स म्हणजे आत्ताचं फ्रीमॉन्टच. गाडी सुरू होताच अटलांटिकच्या किनाऱ्यावरची कालवं डबे भरभरून इकडे येऊ लागली; सॅन फ्रान्सिस्कोतल्या शौकिनांना ती ताजी हवी असत, म्हणून उपसागराच्या उथळ पाण्यात ती पेरून ठेवत. कालवांबरोबर चिखल आला, चिखलाबरोबर चिखलात राहणारे आले. काकांच्या मते ही सगळी बिनतिकिटाची मंडळी त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून गेली आणि कुणी अडवलं नाही. आज दक्षिण उपसागराच्या तळाशी चिखलात नळ्यांची दाट वस्ती करून राहणारा 'अँपेलिस्का अब्दिता' हा त्या अटलांटिक किनाऱ्याचाच. जपानमधून आलेला 'ग्रँडिडिएरेला जॅपोनिका' इथे पहिल्यांदा सापडला १९६६ साली. काका त्याला 'सहासष्टवाला' म्हणतात. इथल्या मराठी मंडळातही लोकांना ते असंच ओळखतात: नव्वदवाले, वायटूकेवाले, कोविडनंतरचे.

पण कोण बाहेरून आला, हे कसं ओळखायचं? ॲम्फिपॉडची मादी अंडी छातीखालच्या पिशवीत सांभाळते आणि त्यातून निघणारी पिल्लं आईबापांचीच छोटी प्रत असतात. खेकडा, शिंपला यांच्यासारखी पाण्यावर आठवडेच्या आठवडे तरंगत दूर जाणारी बालावस्था यांना नाही. तेव्हा जपानच्या खाडीतला जीव कॅलिफोर्नियाच्या खाडीत दिसला तर तो स्वतः पोहून आला म्हणणं अवघड. कुणीतरी आणला: गलबताच्या बुडाला चिकटलेल्या शेवाळातून, कालवांतून, किंवा जहाज तोलासाठी पोटात भरून घेतं त्या पाण्यातून. चॅपमन आणि कार्ल्टन या जोडीने १९९१ साली याच्या दहा कसोट्या मांडल्या. त्या एका लहानशा समपाद कवचधारी जिवासाठी लिहिल्या होत्या. काकांनी त्या पाठ केल्या आणि गणेशोत्सवाला घेऊन आले.

दाराशी पावती फाडायच्या टेबलापाशी काका बसतात. नवं कुटुंब आत येतं. जीव पूर्वी इथे नव्हता आणि आता आहे, ही एक कसोटी. एकदा दिसल्यावर भराभर पसरतो: मागच्या वर्षी एक जोडपं होतं, यंदा दोघांचे आईवडील, मेहुणा आणि मेहुण्याचा मित्र. माणसाच्या वाहतुकीशी संबंध: कंपनीची बस घरासमोर थांबते. इतर आगंतुकांच्या सोबतीने आढळतो: राहतात तिथे वर तेलुगू, खाली पंजाबी. माणसाने बनवलेल्या जागी जास्त वस्ती करतो: अपार्टमेंट, क्लबहाउस, तरणतलाव. मुलखात सलग पसरलेला नसून अधूनमधून तुटक ठिकाणी सापडतो: फ्रीमॉन्ट, सनीवेल, मध्ये काही नाही, मग थेट टेक्सास. स्वतःच्या बळावर एवढं अंतर ओलांडणं अशक्य: एच-वन व्हिसा. आणि अखेरची, सगळ्यांत ठाम कसोटी, जवळचे नातलग जगाच्या दुसऱ्याच भागात: चारही काका कोथरूडला. "दहापैकी दहा," काका पावती देत म्हणतात. नव्या माणसाला वाटतं काहीतरी सवलत मिळाली.

न्यू जर्सीहून बदली होऊन आलेल्यांवर काकांचा विशेष लोभ. त्यांना ते बाजूला घेतात. "तुमच्या आधी १३२ आले होते तिकडून. १८७९ साली. रेल्वेने." समोरचा गोंधळतो, एवढी जुनी मराठी वस्ती? मग कळतं की गोष्ट स्ट्राइप्ड बास नावाच्या पट्टेरी माशाची आहे. न्यू जर्सीच्या नेव्हसिंक नदीतली ती १३२ पिल्लं कार्किनेझ सामुद्रधुनीत सोडली आणि त्यांचा वंश एवढा वाढला की पुढे बाजारात विकला जाऊ लागला. या माशाची पोरं आज काय खातात? तर 'गॅमॅरस डायबेरी' नावाचा ॲम्फिपॉड. तोही अटलांटिककडचाच, इथल्या त्रिभुज प्रदेशात सापडला १९८३ साली. "म्हणजे एकशे चार वर्षांनी त्यांना त्यांच्या किनाऱ्याचं खाणं मिळालं," काका सांगतात. "तुम्हाला काय, दुसऱ्या दिवशी इडली मिळाली."

१९८३ या आकड्यापाशी ते जरा भरभर बोलतात.

ही नुसती म्हातारपणची हौस नव्हे, हे काकांच्या बाजूने सांगायला हवं. १९८६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सुईसन उपसागरात एक अनोळखी शिंपला सापडला, आशियाच्या किनाऱ्यावरचा. दोन-एक वर्षांत त्याने तळ झाकून टाकला; चौरस मीटरला हजारोंनी. तो पाणी गाळून खातो, आणि त्याने ते इतकं गाळलं की उन्हाळ्यात पाण्यात येणारा सूक्ष्म वनस्पतींचा बहर येईनासा झाला. त्या बहरावर जगणारे उपाशी राहिले. एखादा परका जीव काय करू शकतो, याचा धडा या उपसागराने चांगलाच घेतलेला आहे. २००४ साली जहाजांच्या तोलपाण्याबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१७ साली अमलात आला, त्यामागे अशाच कहाण्या आहेत. त्याआधी जगातली सहा बंदरं नमुन्यादाखल निवडून अभ्यास झाला होता; त्यांत मुंबई एक. हे कळल्यावर काकांनी पेढे वाटले होते. काय मिळालं म्हणून वाटले ते कुणालाच नीट कळलं नाही.

जर्मनीची गोष्ट मात्र काका हळू आवाजात सांगतात, घरातली भानगड सांगावी तशी. तिथल्या वेरा नदीत पोटॅशच्या खाणींचं खारट पाणी सोडून सोडून मूळचे गॅमॅरस मेले. मासे उपाशी राहू लागले. तेव्हा १९५७ साली माणसांनी ठरवून, हाताने, 'गॅमॅरस टायग्रिनस' हा अमेरिकन आणून नदीत सोडला. त्याला खारटपणा चालतो. घर आपणच राहण्यालायक ठेवायचं नाही आणि मग त्यात राहू शकेल असा भाडेकरू शोधून आणायचा. यातला आणखी मासला असा की हा अमेरिकन जीव शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा ओळखला आणि त्याला नाव दिलं ते इंग्लंडमध्ये, १९३९ साली. जन्म एकीकडे, बारसं दुसरीकडे, नोकरी तिसरीकडे. काकांच्या तक्त्यात अशी बडोद्याची एक पूर्ण शाखा आहे.

घरात काकांचं पुस्तक म्हणजे 'लाइट अँड स्मिथ मॅन्युअल', २००७ची चौथी आवृत्ती. मध्य कॅलिफोर्निया ते ओरेगनपर्यंतच्या किनाऱ्यावरचे जीव ओळखायचे असतील तर हे हवंच. त्यात दर पायरीला दोनच वाटा असतात: शेपटीकडच्या पायांच्या शेवटच्या जोडीला फाटा एक असेल तर अमुक क्रमांकावर जा, दोन असतील तर तमुक. काका आता जगाकडे तसंच बघतात. संक्रांतीच्या जेवणात त्यांनी वहीत लिहिलेलं मी वाचलं. 'एक. आमटीत गूळ आहे: दोनवर जा. आमटीत गूळ नाही: तीनवर जा. दोन. गोडा मसाला ठळक: पुणे व परिसर. आमसूल ठळक: कोकण. तीन. तर्री तरंगते, पांढरा रस्साही आहे: कोल्हापूर. तर्री तरंगते, यजमान घाम पुसत "तिखट नाही ना झालं?" विचारतो: नागपूर.' खाली टीप होती: 'नमुना सांडल्यामुळे क्रमांक चारची खात्री करता आली नाही.'

काकू या सगळ्याला पुरून उरतात. चतुर्थीला त्यांनी काकांपुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली. काका सवयीने सुरू झाले: साबुदाण्याचा कंद ब्राझीलकडचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा अँडीजमधला, हिरवी मिरची तिकडचीच, ताटात एक जिन्नस आपला नाही. काकूंनी शांतपणे ताटली उचलली. "अहो, उपास तरी मूळचा आपलाच ना? मग आज तेवढाच करा."

आता मुख्य अडचण, आणि ती मला काकांच्या सगळ्या बडबडीत सर्वांत रोचक वाटते. 'इथला' म्हणजे कधीपासूनचा? काकांचा लाडका आहे 'अमेरिकोरोफियम स्पिनिकॉर्नी', अस्सल इथला, भरतीचं पाणी जिथे थकतं तिथल्या गोडसर पाण्यापर्यंत नळ्या बांधून राहणारा. तो अस्सल कशावरून? विल्यम स्टिम्प्सन यांनी १८५०च्या दशकात इथल्या कवचधारी जिवांची यादी केली, त्यात तो आहे. पण पहिलं स्पॅनिश गलबत या उपसागरात शिरलं १७७५ साली. १८४९मध्ये सोन्यासाठी शेकडो जहाजं जगाच्या कानाकोपऱ्यातून आली, खलाशी डोंगरात पळाले, आणि जहाजं बुडाला चिकटलेल्या सगळ्या लवाजम्यासह तिथेच कुजत राहिली. यादी करणारा आला तो त्यानंतर. म्हणजे जनगणनेचा कारकून गावात पोचला तेव्हा जत्रा होऊन गेली होती, आणि त्याने ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला गावकरी म्हणून लिहून घेतलं. स्पिनिकॉर्नीच्या बाबतीत इतर पुरावे भक्कम आहेत, हे काका लगेच बजावतात. पण सगळ्यांचे नाहीत. म्हणून त्या १९९८च्या मोजदादीत एक तिसरा रकाना होता: देशी की परके, ठरवता येत नाही असे. त्यात १२५ जाती.

पहिल्यांदा हा रकाना पाहिला तेव्हा काकांची झोप उडाली होती. कुलवृत्तांतात असा रकानाच नसतो. नंतर मात्र ते त्या रकान्याच्या प्रेमातच पडले. ओकलंड शहराच्या मधोमध लेक मेरिट आहे, नावाला तळं, खरं म्हणजे भरती-ओहोटीचं खाजण. त्याच्या काठच्या ओल्या कचऱ्यात एक उड्या मारणारा ॲम्फिपॉड राहतो. १९६७ साली त्याचं बारसं झालं आणि नावातच 'कोडं' आलं: एनिग्मॅटिका. त्याचे जवळचे नातलग दक्षिण गोलार्धात. जुन्या जहाजांच्या तोलासाठी कुठल्याशा किनाऱ्यावरून भरलेल्या दगड-वाळूतून आला असावा, असा कयास. पण तो स्वतः सापडतो तो फक्त इथे, या एका शहरी तळ्याच्या काठी, जिथे लोक सकाळी धावतात आणि बदकं त्यांना जुमानत नाहीत. ज्याला स्वतःचा गाव सांगता येत नाही असा हा एकच प्राणी काकांनी बघितला आणि त्याला प्रश्न विचारला नाही. रविवारी ते तिथे जातात, उकिडवे बसतात, ओला पाला उचलून बघतात. धावणाऱ्यांना वाटतं म्हाताऱ्याची अंगठी हरवली आहे.

आणखी एकदाच काका असे अडले. फ्रीमॉन्टच्या कडेला कोयोटे हिल्स आहे. तिथे ओलोनी लोकांची फार जुनी वस्ती होती, शिंपल्यांचा ढीग अजून आहे. माहिती सांगणाऱ्या बाई ओलोनी वंशाच्या होत्या. काकांनी सवयीने विचारलं. बाई म्हणाल्या, "इथल्याच." काकांनी पुढच्या प्रश्नासाठी तोंड उघडलं, आणि पुढचा प्रश्नच नव्हता. परतताना गाडीत ते दहाही कसोट्या पुटपुटत होते. एकही लागू होईना.

मागच्या हिवाळ्यात काका गुहागरला गेले, चाळणी आणि बरण्या घेऊन. घराण्याचा गाव आणि समोर वाशिष्ठीची खाडी, असा दुहेरी योग. धोपाव्याला ओहोटीच्या चिखलात मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून उतरले. शेजारी एक मावशी तिसऱ्या वेचत होत्या. त्यांनी या ध्यानाकडे पाहिलं आणि विचारलं, "फेरीबोटीतून आलात काय?" धोपावे ते दाभोळ फेरीबोट चालते, साधा प्रश्न होता. काकांना मात्र तिसरी कसोटी ऐकू आली: माणसाच्या वाहतुकीशी संबंध. "नाही हो, मी इथलाच!" ते जवळजवळ ओरडलेच. मावशींनी बुटांकडे बघितलं, चाळणीकडे बघितलं. "असाल," म्हणाल्या, आणि पुन्हा तिसऱ्या वेचू लागल्या.

परत आल्यावर काकांनी कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम काढलं. चारशे पानांना हात लावला नाही. पहिलं पान मात्र नव्याने लिहिलं आणि घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'मूळपुरुष. उगम अनिश्चित, देशी की आगंतुक, उपलब्ध पुराव्यावरून ठरवता येत नाही. प्रथम आढळ: बंदरानजीक. वहनाचे साधन: बहुधा गलबत. पूर्वीची नोंद नाही; मात्र पूर्वी कुणी नोंद करणाराही नव्हता.'

पुण्याच्या थोरल्या चुलतभावांनी, ज्यांना सगळं घराणं अण्णा म्हणतं, पहाटे पाचला उत्तर लिहिलं. आपल्या मूळपुरुषाला किडा ठरवण्याचा अधिकार संपादकांना कुणी दिला? ठाण्याच्या शाखेने विचारलं की गलबताच्या बुडाला चिकटून आले असं सुचवायचं आहे का. काकांनी खुलासा केला की 'चिकटून' असा शब्द मसुद्यात नाही, परंतु तोलासाठी भरलेल्या वाळूची शक्यता नाकारता येत नाही. त्यावर एका भाचीने हसण्याचं चिन्ह टाकलं आणि तिला ग्रुपमधून काढण्यात आलं. डोंबिवलीकरांनी कुलदैवताचा फोटो टाकला. अण्णांनी मुद्रणखर्चातला आपला वाटा परत मागितला.

शेवटी काकांनी तोडगा सुचवला. वाद घालण्यात अर्थ नाही, हल्ली जनुकांवरून निकाल लागतो. 'कुणाच्या देवघरात, माळ्यावर वा पेटीत मूळपुरुषाचा काही अंश जपून ठेवलेला असल्यास कृपया कळवावे. केस, दात, नख, काहीही चालेल. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये असल्यास उत्तम.'

अण्णांचं उत्तर लगेच आलं. 'आपल्या घराण्यात अल्कोहोलला आजवर कुणी शिवलेलं नाही.'

काकांनी लिहिलं, 'पुरावा?'

पाच मिनिटांच्या आत बडोद्याच्या शाखेतले तिघे ग्रुप सोडून गेले.